डाव्या बाजूचा सिंह

स्टॉकहोम, १ मे १६२८, गुरुवार

आज जेवायला बसल्या बसल्या मालिनने जाहीर केलं, की यापुढे या घरात जहाजाचं नाव काढणाऱ्याला वाटाण्याचं सूप मिळणार नाही.

"अहो, उठता जहाज, बसता जहाज. माझ्या बहिणीच्या मयताला गेलो, तिथेसुद्धा तुम्ही पाद्रीबाबांना झडपा समजावून सांगत होतात!"

तिचं खोटं नाही. पण गुरुवारचं सूप सोडायची माझी तयारी नाही, म्हणून ही वही. वही ऐकून घेते आणि उलटून बोलत नाही. बायको करताना हा विचार करायला हवा होता.

तर जहाज. राजासाहेब समुद्रापलीकडे लढाईवर आहेत आणि तिथून लवकर करा, लवकर करा अशी पत्रं धाडताहेत. इतकं मोठं, इतकं उंच जहाज या शहराने पाहिलेलं नाही. तोफा एकावर एक अशा दोन मजल्यांत. आणि सगळ्या अंगभर कोरीव काम: रोमचे बादशहा, देवदूत, शिंग फुंकणारे सागरपुरुष. नाकावरचा मोठा सिंह मला मिळाला नाही, तो दुसऱ्याला गेला, जाऊ दे. माझ्याकडे तोफांच्या खिडक्या आल्या. प्रत्येक खिडकीला वर उघडणारी झडप, आणि झडपेच्या आतल्या अंगाला एक सिंहाचं तोंड. झडप मिटलेली असली की कोणाला काही दिसत नाही. तोफ बाहेर काढायला झडप उघडली, की सगळे सिंह एकदम जबडा वासून बाहेर बघतात. टोर्केल लोहार मला चिडवतो, "काय रे जर्मना, सगळ्या आयुष्याची कमाई झाकणाच्या आतल्या बाजूला?" मी त्याला म्हटलं, मरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना शेवटचं जे दिसेल ते माझं काम असेल. नाकावरच्या सिंहाच्या नशिबी हे नाही.

१९ मे

केर्स्टिन दिवसभर रंगकामाला होती. लग्न होऊन दोन महिने झाले तरी माझी पोरगी सकाळी कारखान्यात हजर. लाल रंग ती घोटते तसा कोणी घोटत नाही. सिंहांच्या जबड्यांना आतून लाल, दातांना पांढरा, आयाळीला पिवळा. एकेक सिंह रंगवून झाला की त्याच्या नाकावर टिचकी मारते आणि हसते. हसताना तिचा वरचा एक दात वाकडा दिसतो. लहानपणी मालिन म्हणायची, तोंड मिटून हस गं, कोण करेल तुला! अनुंडने केली. त्याच दातावर भाळला, असं तो एकदा बिअर प्यायल्यावर बोलून गेला होता. त्याच्या तोंडून इतकी वाक्यं एकामागून एक मी पहिल्यांदाच ऐकली.

मी आज एक गुपित काम सुरू केलं. एक सिंह मी केर्स्टिनसारखा हसरा करणार आहे, वाकड्या दातासकट. रंगही मीच देईन, तिला दाखवणार नाही. तिला वाटतं सगळे सिंह तिच्या हाताखालून गेले. कुठे बसवायचा तेही ठरवलं: डावी बाजू, खालची रांग, मागून तिसरी खिडकी. खालची रांग अशासाठी, की ती पाण्याला फार जवळ आहे, त्याचं हसू पाण्यातही दिसेल.

२ जून

आज अनुंडने जावई म्हणून माझं नाक कापलं.

आमच्या गोदीत एक रीत आहे. जहाज पहिल्या सफरीला निघेपर्यंत त्याला वाईट बोलायचं नाही. बोलला तर ज्याने ऐकलं त्याने लाकडी हातोडा तीनदा आपटायचा, की आजूबाजूचे सगळे कामं टाकून गोळा. मग बोलणाऱ्याने जहाजाच्या फळीला ओठ लावून शब्द परत घ्यायचा आणि सगळ्यांना बिअर पाजायची. रीत जुनी आहे आणि चांगली आहे. नाहीतर इथे रोज उठून कोण काय बोलेल! डच सुतारांचा फूट वेगळा आणि इथल्या सुतारांचा फूट वेगळा, दोघं एकमेकांना चुकीचं म्हणतात. ज्याने हे जहाज उभं केलं तो म्हातारा डच मिस्त्री गेल्या वर्षी वारला, आणि निम्मं जहाज त्याच्या डोक्यातच होतं, असं म्हणणारेही आहेत. हातोड्याच्या धाकाने सगळे गप्प असतात.

अनुंड आलंड बेटांवरचा, कोळ्याच्या घरातला. या जहाजावर खलाशी म्हणून त्याची भरती झालीय. धक्क्यावर उभा राहून, कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, "वर फार आहे, खाली काही नाही. भोवऱ्यासारखं."

टोर्केलने हातोडा असा आपटला की कावळे उडाले. अनुंडने मुकाट फळीला ओठ लावले आणि ब्रिटाच्या गुत्त्यात सगळ्यांना पाजली. कोळ्याच्या पोराला होडी कळते. हे जहाज आहे.

२४ जून

उन्हाळी सणाचा दिवस. खांबाला पानंफुलं बांधली, पोरी नाचल्या. मालिनने खारवलेले मासे केले होते. तेवढ्यात बातमी आली. पहिल्या सफरीला बाहेरच्या बेटांपर्यंत खलाशांच्या घरच्या मंडळींना जहाजावर जाता येईल. तिथे उतरायचं आणि होड्यांनी परत यायचं. लढायला निघालेल्या माणसाला घरच्यांनी थोडं पुढपर्यंत पोचवायचं, तसंच हे.

केर्स्टिनने माझ्या गळ्यातच हात टाकले. "बाबा, मी जाणार! तुम्ही पण चला."

मला बोट लागते. नुसत्या फळकुटावर पाय ठेवला तरी पोटात ढवळतं. वीस वर्षांपूर्वी ल्युबेकहून आलो तेव्हाचं माझं काय झालं होतं ते मालिन अजून चारचौघांत सांगते. मी म्हटलं, "मी काठावरून बघेन. तू जा, माझे सिंह तिकडून कसे दिसतात ते सांग."

अनुंड खांबाला टेकून उभा होता. त्याने आनंदही दाखवला नाही आणि नकारही दिला नाही. असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे भिंतीशी बोलायचं.

३ जुलै

तोफा चढायला लागल्या. तोफ दोरावर लटकते आणि सगळा धक्का श्वास रोखून उभा राहतो. वरच्या मजल्यावरही भारीच. तळात दगड भरून झाले, आता तिथे मुठीएवढी जागा नाही म्हणतात. तळ भरला म्हणजे जहाज भक्कम झालं.

मी होडीतून जाऊन (डोळे मिटून, मालिनचा रुमाल तोंडाला लावून) माझा हसरा सिंह स्वतः बसवून आलो. होडीत उभा राहिलो तर माझा हात सहज खिडकीच्या उंबऱ्याला लागला. इतकी खाली आलीय ती रांग. वल्हं मारणारा काहीतरी बोलायला गेला, मग माझ्या कमरेच्या हातोड्याकडे बघून गप्प बसला. मी झडप वर करून बघितली. अगदी माझी पोर! मिटताना जिवावर आलं.

११ जुलै

आज ब्रिटाच्या गुत्त्यात हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

जहाजाची परीक्षा झाली म्हणे. टोर्केल बोल्ट ठोकायला वर होता, त्याने सगळं पाहिलं. बाकावर चढून सांगत होता. "आरमाराच्या साहेबांनी हुकूम सोडला, सगळ्यांनी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पळा! पळाले. जहाज डुललं. परत पळा! आणखी डुललं. तिसऱ्यांदा पळाले तर स्वयंपाक्याची कढई आपल्या पायांनी चालत निघाली! मागे स्वयंपाकी, 'थांब गं माझे बाई!' आणि साहेब कठड्याला मिठी मारून ओरडतायत, बस्स! बस्स करा!"

"मग?" ब्रिटाने विचारलं.

"मग काय, बस्स केलं. साहेब तोंड पुसत खाली उतरले. कढई पकडली."

सगळा गुत्ता खदखदला. मी म्हटलं, जातिवंत घोडा पाठीवर माणूस बसला की असाच थरथरतो. हे जिवंत जहाज आहे, ओंडका नाही. त्यावर लोकांनी पेले आपटले.

पळणाऱ्यांत अनुंडही होता. कोपऱ्यात बसला होता. पेला भरलेला तसाच होता.

१२ जुलै

सकाळी अनुंड कारखान्यात आला. टोर्केल बोल्ट निवडत बसला होता, मी एका सागरपुरुषाच्या दाढीत गुंतलो होतो.

"मामा, केर्स्टिनला जहाजावर नको."

"का?"

त्याने टोर्केलकडे बघितलं. "नको म्हणून नको."

"नको म्हणून नको हे कोंबडीला सांगायचं. माझ्या लेकीला का नको ते सांग."

"सांगितलं तर तुम्ही हातोडा आपटाल."

"म्हणजे तसलंच काही आहे तर!"

त्याने दाढीवरचा भुसा बोटाने पुसला. मग माझ्या जवळ येऊन हळू बोलला, "काल पळताना मला पायांखाली कळलं, मामा. ते एकदा कललं की परत यायच्या आधी विचार करतं. एक दिवस परत यायचं नाही."

माझा हात आपोआप गेला. खरं म्हणजे टोर्केलला ऐकूही गेलं नव्हतं. मी आपटला नसता तर कोणाला कळलंही नसतं. पण माझे सिंह आहेत त्या जहाजावर! जावई झाला म्हणून काय झालं? तीनदा आपटला. करवतीच्या खड्ड्यातून, भट्टीवरून, सगळीकडून माणसं धावली. "बिअर! बिअर!" अनुंडला खांद्यावर घेऊन धक्क्यावर नेलं. ओठ लावताना त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

बिअर आज कडू लागली. ब्रिटाचं पिंप आंबलं असेल.

२० जुलै

केर्स्टिन रडत आली. अनुंडने साफ सांगितलंय, जहाजावर पाऊल टाकायचं नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "ते मी दोनदा बोललोय. तिसऱ्यांदा बोलायची माझी ऐपत नाही."

"बाबा, इथल्या सगळ्या बायका जाणार. मी रंग दिलाय त्याला. माझेच सिंह, आणि मीच काठावर?"

मला कळलं काय ते. दोन वेळा सगळ्यांसमोर फजिती झाली, त्याचा सूड तो बायकोवर उगवतोय. गप्प माणसं अशीच असतात, मनात धरून ठेवतात. मी म्हटलं, तू डोळे पूस. तुझा बाप अजून आहे.

२२ जुलै

दुय्यम कप्तानाला जाऊन भेटलो. माझं काम त्याला माहीत आहे. म्हणाला, योस्ट मिस्त्री, तुझ्या लेकीला जागा नाही तर कोणाला! त्याने नाव लिहूनसुद्धा घेतलं.

मालिनला सांगितलं तर तिने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं. "नवराबायकोच्या मध्ये तुम्ही कशाला पडता? तो समुद्रावर वाढलाय. नको म्हणतोय त्याला काहीतरी कारण असेल."

"कारण आहे. हट्ट."

"हट्टी माणूस मी ओळखते," मालिन म्हणाली. "वीस वर्षं एकाच ताटाशी बसलेय त्याच्याबरोबर."

मी उत्तर दिलं नाही. जहाजाचं नाव काढलं असतं, आणि आज सूप होतं. मंगळवारी सूप! तिचंही चित्त ठिकाणावर नाही हल्ली.

९ ऑगस्ट

उद्या निघतंय. वारं पडलेलं आहे, आकाश स्वच्छ.

अनुंड नमला. संध्याकाळी दोघं आले. मालिनने राय धान्याची भाकरी, सुकवलेलं मटण असं पुडकं बांधून दिलं. अनुंडने केर्स्टिनकडून आमच्यासमोर वचन घेतलं, की मधल्या मोठ्या डोलकाठीच्या बुंध्याशी उभं राहायचं, एक हात तिच्यावर ठेवायचा आणि काही झालं तरी तिथून हलायचं नाही. "मी त्याच डोलकाठीवर असेन. वरून मला तू दिसली पाहिजेस."

"आणि शिंक आली तर? हलू का?" केर्स्टिन म्हणाली. तोही हसला. चला, तंटा मिटला.

निघताना ती माझी लोकरी टोपी ठीक करायला मागे राहिली, तेव्हा मला राहवलं नाही. मी तिच्या कानात सांगितलं, "तू न रंगवलेला एक सिंह आहे त्या जहाजावर."

"शक्यच नाही!"

"खालच्या मजल्यावर. डावीकडे, मागून तिसरी खिडकी. सलामीच्या तोफा झाल्या की झडपा उघड्याच असतील. खाली जायचं, खिडकीतून बाहेर वाकायचं आणि मान वर करून बघायचं. फक्त तुझ्यासाठी आहे."

"पण मी अनुंडला वचन..."

"अगं, पाव घटकेचं काम! तो वर शिडात गुंतलेला असेल. जायचं आणि यायचं."

तिचे डोळे असे चमकले! लहानपणी खिशात काही आणलं असलं की चमकायचे तसे. मला आज झोप लागायची नाही, आणि कारण आनंदाचं आहे.

१० ऑगस्ट, रविवार

संत लार्सचा दिवस. चर्चमधून आलो. अख्खं शहर धक्क्यावर लोटलंय. मी आणि मालिन गोदीच्या बाजूने बघणार, तिथून डावी बाजू दिसेल. मालिनने तीनदा आत जाऊन तीनदा काहीतरी विसरल्याचं सांगितलं. निघतो.

१३ ऑगस्ट

लिहिता येत नाही.

१८ ऑगस्ट

लिहितो. बोलायला कोणी नाही. मालिन माझ्याशी बोलत नाही असं नाही, पण ती फक्त एकच प्रश्न विचारते.

वारं काहीच नव्हतं. आधी जहाज धक्क्याच्या कडेने दोर लावून ओढत नेलं. मग शिडं सोडली, पण सगळी नाही. सलामीच्या तोफा झाल्या. झडपा उघड्या होत्या, लाल जबडे उन्हात चमकले आणि लोक ओरडले. मी मालिनला म्हटलं, बघ! ती म्हणाली, दिसतंय.

मग दक्षिणेच्या टेकड्यांवरून एक झुळूक आली. मालिनच्या डोक्यावरचा रुमालही नीट हलला नाही. जहाज आमच्या बाजूला कललं. बराच वेळ तसंच राहिलं. मग हळूहळू परत सरळ झालं. लोक हसले. मी पण हसलो असेन. त्याच वेळी मला अनुंडचं वाक्य आठवलं.

दुसरी झुळूक आली. परत कललं. मी खिडक्या मोजत होतो. मागून पहिली, दुसरी, तिसरी. खालच्या रांगेतले सिंह एकेक करून पाणी प्यायला वाकावेत तसे वाकले. पाणी कुठल्या खिडकीला आधी लागलं ते मला सांगता येत नाही. सगळ्यांना एकदमच लागलं असेल. जहाज परत आलं नाही. शिडं, निशाणं सगळं तसंच फडफडत होतं आणि ते खाली जात होतं, आमच्यासमोर, काठापासून हाकेच्या अंतरावर. मग डोलकाठ्यांची टोकं तेवढी वर राहिली आणि त्यांना चिकटलेली माणसं.

आजूबाजूला होड्याच होड्या होत्या. डेकवरचे बहुतेक वाचले. डोलकाठीच्या बुंध्याशी टोर्केलची म्हातारी आई होती, धाकट्या खलाशी लेकाला पोचवायला आलेली; तिला पोहता येत नाही. तीही वाचली.

मालिनचा प्रश्न असा आहे. "तिथे उभे होते ते सगळे वाचले. मग ती कुठे गेली? अहो, ती वचन मोडणारी नाही. कुठे गेली ती?"

मी म्हणतो, मला काय माहीत.

२३ ऑगस्ट

कोणी इंग्रज आलाय. दोर बांधून जहाज तळाशी सरळ केलं म्हणतात. वर मात्र येत नाही. मालिन रोज धक्क्यावर जाऊन बसते. ज्यांची माणसं सापडली त्यांच्या घरच्यांकडे ती कशी बघते ते मला बघवत नाही. मी कारखान्यात हातात पटाशी धरतो आणि खाली ठेवतो. कोपऱ्यात केर्स्टिनची लाल रंगाची वाटी आहे. रंग वाळून त्याला भेगा पडल्यात.

अनुंडला शिडाच्या दोरांतून सोडवून काढलं होतं. तो मावशीकडे पडून आहे. मी गेलो नाही.

२९ ऑगस्ट

चौकशी बसली आहे. मोठ्यांना किल्ल्यावर बोलावलं. आम्हा कामगारांना एक कारकून गोदीत येऊन विचारून गेला. खलाशी दारू प्यायले होते का, तोफा नीट बांधल्या होत्या का. एकेकाला विचारत होता. शेवटचा प्रश्न सगळ्यांना तोच: जहाजात काही खोट आहे असं सफरीआधी कोणी बोललं होतं का?

टोर्केल म्हणाला, "नाही साहेब." करवतवाले नाही म्हणाले. सुतार नाही म्हणाले. सगळ्यांनी अनुंडची बिअर प्यायली होती. माझी पाळी आली.

मी म्हटलं, "कोणी काही बोललं नाही."

कारकुनाने मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. हातोडा टेबलावर माझ्या हाताशी होता. 

बाहेर आल्यावर नवीन मिस्त्री भेटला. पुढच्या जहाजाच्या झडपा ठरल्यात, सिंहच हवेत म्हणाला. गेल्या वेळचे फार छान होते.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज अनुंड आला. जेवणाच्या वेळेला, न सांगता. दारातच उभा राहिला. हाताला पट्ट्या, तळवे दोराने सोलले गेलेत. मालिन त्याला घेऊन आत आली, माझ्यासमोर बसवलं आणि चुलीकडे गेली. सूप शिजत होतं.

अनुंडने बाक टेबलाजवळ ओढला. मग म्हणाला, "मामा, मला एकच विचारायचंय. भांडायला नाही आलो."

"विचार."

"मी तिला बुंध्याशी उभं केलं होतं. हात ठेवून उभी होती, मी वर चढताना बघितलं. सलामी झाली, परत खाली बघितलं, तर नाही. का गेली ती? तुम्हाला काही बोलली होती का?"

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या ओठांकडे लक्ष गेलं. ते ओठ मी फळीला टेकवायला लावले होते. मग मला खोटं बोलवेना.

"मी पाठवलं तिला," मी म्हटलं. "खाली. एका झडपेवर तिचं तोंड कोरलं होतं मी. सिंहाचं, पण तिचं. तिला म्हटलं, जाऊन बघून ये. पाव घटकेचं काम."

चुलीपाशी मालिनच्या हातातला डाव थांबला.

अनुंडने विचारलं, "कुठली झडप?"

"डावीकडची. मागून तिसरी."

त्याने सोललेले तळवे टेबलावर पालथे ठेवले. मला वाटलं, आता तो मला मारेल. मारावं असं वाटत होतं. पण तो बोलत राहिला, हळू, जणू मी तिथे नव्हतोच.

"मी शिडाच्या आडव्या काठीच्या टोकाला होतो. पहिल्यांदा कललं तेव्हा पाण्यावर लोंबत होतो. खाली बघितलं तर केर्स्टिन. खिडकीतून अर्धी बाहेर. मान वर करून हसत होती, दात दिसत होता. मला वाटलं, माझ्याकडेच बघून हसतेय. माझी भीती बघून चिडवतेय. जहाज परत सरळ होत होतं, म्हणून मी..." तो थांबला. "मी हात हलवला तिला."

 

"म्हणजे सिंहाला हसत होती," अनुंड म्हणाला. "चांगला झाला होता का तो?"

"तिच्यासारखा झाला होता."

मालिन दोन वाडगे घेऊन आली. वाटाण्याचं सूप, वर चरबीचा तुकडा, वाफ येत होती. एक वाडगा तिने अनुंडच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्या हाताला पट्ट्या होत्या म्हणून चमचा स्वतः त्याच्या बोटांत दिला. दुसरा वाडगा धरून ती माझ्यासमोर थोडी थांबली. माझ्याकडे बघितलं. मग तो वाडगा तसाच उचलून चुलीकडे परत घेऊन गेली.